ओसायोचं शेवटचं पान

जपान या देशाविषयी जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीत माझ्या वरचढ कुणी नव्हतं. मी जपान पाहिलेला नव्हता, जपानी माणूस पाहिलेला नव्हता, आणि नकाशात तो देश दाखव म्हटलं असतं तर माझं बोट बहुधा श्रीलंकेवर पडलं असतं. पण संध्याकाळी टीव्हीवर अस्खलित हिंदी बोलणारा शिगेहारू नावाचा एक सामुराई लागायचा, आणि त्याचा एकही भाग मी चुकवला नव्हता. निदान मी तसं सांगायचो. खरं म्हणजे निम्मे भाग भारनियमनानं खाल्लेले होते. शिगेहारू पुलावर उभा आहे, समोरून मारेकऱ्यांची रांग येतेय, तो अंगठ्यानं तलवार म्यानातून बोटभर वर सरकवतो, आणि खट्! पंखा थांबायचा, फ्रीजची घरघर थांबायची, आणि गल्लीभर पोरांचा एकच "ओऽऽ" उठायचा. माझं काम तिथून सुरू व्हायचं. "आता काय होतं माहितीये?" असं म्हणून मी ओट्यावर बसून उरलेला भाग सांगायचो, तोही इतक्या खात्रीनं की पुढे खरी गोष्ट वेगळी निघाली तर पोरं टीव्हीवाल्यांना नावं ठेवत. इरफान तेवढा ठेवत नसे. तो माझा पक्का दोस्त, मागच्या गल्लीत राहायचा, उर्दू शाळेत जायचा, आणि त्याच्या गल्लीची लाईट आमच्या गल्लीच्या लाईटीबरोबर कधी जात नसे. तो दुसऱ्या दिवशी यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "आन्या, कल तूने जिसको मारा ना, वो जिंदा है."

माझी मोठी बहीण प्रज्ञाताई तेव्हा बी.एड. होऊन एका शाळेत शिकवायला लागली होती. ती आमच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची ते केवळ माझ्या अभ्यासावर लक्ष ठेवायला, असा घरातला अधिकृत समज होता. मांडीवर मेथीची जुडी असायची, पण मालिका सुरू झाली की तिचे हात थांबायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "प्रज्ञा, ती मेथी आज खायची आहे गं!" ताईला शिगेहारूचं विशेष काही नव्हतं. तिचा जीव होता ओसायोवर. ओसायो ही तलवारींना धार लावणारी बाई. पाठीवर दगड बांधून गावोगाव फिरायची, स्वतः कधी लढायची नाही, आणि मोठमोठे सामुराई तिच्यापुढे रांगेत गुपचूप उभे राहायचे. चार भागांपुरती आली आणि गेली. ती गेली त्या दिवशी ताईनं मेथी न निवडताच फोडणीला टाकली आणि आबांच्या ताटात रबरबँड निघाला. आबा, म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि समोर आलेलं अन्न बिनतक्रार खाण्याबद्दल नात्यात प्रसिद्ध होते. त्यांनी रबरबँड ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढे जेवले.

त्याच हिवाळ्यात ताईला बघायला धुळ्याचं स्थळ आलं. मध्यस्थ होते नाना, आबांचे मावसभाऊ, राहणार धुळे. नानांनी इतकी लग्नं जुळवली होती की कुठल्याही लग्नाला ते पत्रिकेशिवाय जात आणि पहिल्या पंगतीला बसत. फोनवर त्यांचा आवाज फोन न लावताही आला असता. "पोऱ्या लाखमा एक शे! पुण्याले कंपनीत शे. जपानले जाईसन उना!" मुलगा जपानला जाऊन आलाय हे ऐकून मी जेवता जेवता उभा राहिलो. आई म्हणाली, "बस खाली. स्थळ तुला नाही आलेलं."

पोहे सगळेच करतात, आपण भरीत करू, असं आबांनी ठरवलं. बामणोदची हिरवी लांबोडकी वांगी आली, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा भारा आला, आणि सकाळपासून गच्चीवर धूर सुरू झाला. काड्यांच्या जाळावर वांगी फुसफुसायला लागली की जो वास सुटतो त्यानं शेजारच्या तिन्ही घरांतली माणसं काही ना काही कारण काढून आमच्याकडे डोकावून गेली. सालं काढून वांगी लाकडी काठवटीत ठेचायचं काम माझ्याकडे होतं, आणि मिरच्या ठेचायचंही. त्यात माझा हात जरा सैल सुटला. हे मी आज कबूल करतोय असं नाही, तेव्हाही सगळ्यांना कळलं, कारण पाहुण्यांतला मुलगा पहिल्याच घासाला लाल झाला आणि त्याला उचकी लागली. ती थांबेचना. मुलाचं नाव मिलिंद. उंच, चष्म्याचा, कपाळावर घाम. आबा विचारत, "पुण्यात राहायला कुठं असता?" तो म्हणे, "उच्! धनकउच्!" त्याची आई, जिला सगळे अक्का म्हणत, बुटकी आणि करारी बाई, त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "एरवी बी काही जास्त बोलत नई हाऊ. आज निमित्त भेटनं." वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, मान खाली घालून भरीत खात होते. त्या दिवशी ते एकदाच बोलले : "अजून आहे का?"

शेवटी नानांनीच तोड काढली. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवा, म्हणजे वाऱ्यानं उचकी थांबेल. सोबत म्हणून मला. गच्चीवर अजून राख धुमसत होती. ताई एका कठड्याला, मिलिंद दुसऱ्या कठड्याला, मी मधे पाण्याच्या टाकीला टेकून. दर थोड्या वेळानं एक उचकी. मग त्याची नजर टाकीवर गेली. टाकीवर मी कोळशानं शिगेहारू काढून ठेवला होता, पुरुषभर उंचीचा.

"हे कोणी काढलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"छान आहे. कानामागचा व्रण तेवढा राहिला."

ताई इतका वेळ लांबच्या मेहरूण तलावाकडे बघत होती. ती गर्रकन वळली. "व्रण उजव्या कानामागे आहे. या बाजूनं दिसणारच नाही."

मिलिंदनं चित्र पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि त्याची उचकी थांबली. "खरंच की," तो म्हणाला. "तुम्ही बघता?"

"हा बघतो. मी लक्ष ठेवते." मग थोडं थांबून, "ओसायो असेपर्यंत बघत होते."

"ओसायो!" तो असा ओरडला की खालून नानांना वाटलं भांडण झालं. त्यांनी हाक मारली, "चला रे, गाडी चुकी जाईन!" आणि मुलाखत संपली. खाली उतरताना ताईनं पायरीवर पदर सावरला तेव्हा ती हसत होती. हे मी पाहिलं, पण त्या वयात अशा गोष्टींचा काय अर्थ लावायचा हे मला कळत नव्हतं, आणि पुढे काय झालं ते पाहता काहीच कळत नव्हतं असं म्हटलेलं बरं.

आठवडाभरानं मिलिंद मला शिकवणीच्या दाराशी भेटला. एका हातात केळ्याच्या वेफर्सचं पुडकं, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "वेफर्स घ्यायला आलो होतो जळगावला," तो म्हणाला. धुळ्यात वेफर्स मिळत नाहीत असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं ती गुंडाळी माझ्या हातात दिली. तेव्हाची रीत सांगायला हवी. घरात मोबाईल एकच, तोही आबांच्या खिशात, आणि ठरण्याआधी मुलामुलीनं परस्पर बोलायचं नाही. जे काय असेल ते मध्यस्थामार्फत. आता नानांमार्फत ओसायोविषयी काय सांगणार?

"हे ताईला दे," तो म्हणाला. "तिकडून आणलंय. मालिकेत ओसायो थोडीच आहे ना, पण लोकांना इतकी आवडली की तिच्या एकटीवर वेगळी चित्रकथा काढली त्यांनी. हा सगळा तिचा भाग. शिगेहारू पाहुणा." मग त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "मला समोर बोलायला जमत नाही. ताईला सांग, शेवटचं पान बघा. मला तसं हवंय."

"जपानीत आहे?" मी विचारलं.

"हो. पण चित्रांवरून कळतं सगळं."

"मला सांगायची गरज नाही," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो. तो निश्चिंत होऊन स्टँडकडे गेला.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं, जसं माणूस पुस्तक उघडतो तसं. वरच्या बाजूला कोपऱ्यात बोटभर चित्र आणि काळ्या पांढऱ्या रेघांची पट्टी, बाकी कव्हर कोरं. खालच्या बाजूला मात्र ओसायोचं झकपक रंगीत चित्र. जपानी लोक आपली श्रीमंती मागच्या बाजूला लपवतात, किती नम्र, असं मी आईला समजावून सांगितलं. ताई शाळेतून आली. तिला निरोप दिला. तिनं साडीही न बदलता पुस्तक घेतलं आणि शेवटचं पान काढलं. मी खांद्यावरून पाहिलं. पानभर एकच चित्र होतं. लांबलचक रिकामा पूल, बर्फ पडतोय, आणि ओसायो पाठीवर दगड बांधून एकटी चाललीय, आपल्याकडे पाठ करून, इवलीशी. बाकी पानावर कुणी नाही.

"हेच पान म्हणाला? नक्की?"

"शेवटचं. मला तसं हवंय, म्हणाला."

ताईनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला कथा माहीत नाही म्हणून अर्थ लागत नसेल. मग मी पहिल्या पानापासून अर्थ लावून द्यायला बसलो. आईही तांदूळ निवडत ऐकायला आली. पहिल्या पानावर ओसायो आणि शिगेहारू एका पडवीत बसून एकाच वाडग्यातून शेवया खाताहेत, सुखी आहेत. मग पान उलटल्यावर दोघं एकमेकांपासून लांब सरकून बसतात, म्हणजे बिनसायला लागलं. मग भयंकर लढाई. "हे बघ, इथं सगळी माणसं मरून पडलीत. आणि पुढच्या पानावर उठून उभी!"

"मेलेली माणसं उठतात कशी रे?" आईनं विचारलं.

"आई, जपान आहे ते."

मग शत्रूंच्या छातीतून बाण निघून त्यांच्या त्यांच्या धनुष्यात जाऊन बसतात. "शिगेहारूची ताकद," मी म्हणालो. मग एक जळकं घर हळूहळू विझतं आणि धडधाकट उभं राहतं. "त्यानं तिला घर दुरुस्त करून दिलं." मग दोघं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत, तो एका वाटेनं जातो, आणि शेवटी ती एकटी पुलावर. "थोडक्यात," मी समारोप केला, "त्याला एकटं राहायचंय. नाही म्हणायची जपानी पद्धत आहे ही. तिकडचे लोक तोंडावर नकार देत नाहीत."

आज माझी मुलगी मोबाईलवर असल्या चित्रकथा वरून खाली सरकवत वाचते. सरकवता सरकवता मधूनच माझ्याकडे बघून विचारते, "बाबा, हे तुम्ही कुठून सुरू केलं असतं?" तिला ही गोष्ट तिच्या आजीनं सांगितली. मी सांगितली असती तर बाण धनुष्यात जाण्याचा तपशील गाळला असता.

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी जेवताना तिनं आबांना शांतपणे सांगितलं, "त्यांना कळवा, आमच्याकडून नाही." आबा म्हणाले, "अगं पण का? मुलगा चांगला आहे." ती म्हणाली, "त्यांचंच मन नाही. त्यांनी सांगावं त्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं." आबांनी नानांना फोन लावला. आम्ही सगळे ताटं पुढे घेऊन बसलो होतो आणि नानांचा आवाज आबांच्या कानातून बाहेर पडून भिंतींवर आपटत होता. "काबर पन? बठ्ठं जुळी राह्यनं व्हतं! पोऱ्या तठे मिठाईनं दुकान पाही राह्यना!" आबा नुसते "हो हो" म्हणत राहिले. मुलगा मिठाईची दुकानं बघतोय हे ताईनंही ऐकलं असणार, पण ती उठून हात धुवायला गेली. नंतरच्या दिवसांत शिगेहारू लागायच्या वेळी तिची खुर्ची रिकामी असायची. मेथी मात्र व्यवस्थित निवडलेली येऊ लागली, एकेक पान वेगळं.

इरफान त्या सगळ्या काळात धरणगावला मामाच्या घरच्या लग्नाला गेला होता. तो परतला तो थेट आमच्या ओट्यावर, हातात बुंदीचा पुडा. मी त्याला मोठ्या ऐटीत पुस्तक दाखवलं. त्यानं ते घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि नम्र जपानी लोकांनी लपवलेली ती रंगीत बाजू वर करून उघडलं.

"तिकडून नाही रे," मी म्हणालो. "ती मागची बाजू."

"पीछे का कैसे? नाम इधर लिखा है, फोटू इधर है." आणि तो उजवीकडून डावीकडे एकेक चित्र बघत पानं उलटायला लागला, जशी तो त्याच्या शाळेची पुस्तकं रोज उलटायचा. बुंदी खात खात तो मला सांगत होता. "ये अकेली जा रही है बर्फ में. ये शिगेहारू मिला, पर पहचान नहीं. ये इसका घर जलाया उन लोगों ने. ले, तीर चला. ले, लगा. गिरा. बढ़िया मारा! अब दोनों थक के बैठे, दूर दूर. अब थोड़ा पास. और ये आखरी में," तो म्हणाला आणि एकदम खूश झाला, "एक ही कटोरे में खा रहे. क्या मस्त खतम किया यार!"

मी पुस्तक त्याच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि लढाईचं पान काढलं.

"मेलेली माणसं..." मी म्हणालो.

"मुर्दा आदमी उठता कब से है बे?" इरफाननं विचारलं. मग त्यानं माझा चेहरा पाहिला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बुंदीचा घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला, आणि मग ओट्यावरून खाली लोळून इतका हसला की समोरच्या घरातून विचारणा झाली.

ताईला सांगायला आम्ही दोघं गेलो. तो पुढे, मी त्याच्या मागे, दार उघडं ठेवून. ती वह्या तपासत होती. इरफाननं पुस्तक उजवीकडून उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "दीदी, ऐसे." एवढंच. ताई बघत गेली. पूल, बर्फ, आग, बाण. पान उलटण्याचा आवाज हळूहळू वाढला. शेवटच्या पानावर ती थांबली. पडवी, एक वाडगा, दोघांच्या खायच्या काड्या एकाच वाडग्यात अडकलेल्या, आणि ओसायो आख्ख्या पुस्तकात पहिल्यांदाच हसतेय. ताईनं ते पान तळहातानं सारखं केलं. मग पुस्तक अलगद टेबलावर ठेवलं, लाकडी मोजपट्टी उचलली, आणि मी गच्चीकडे पळालो. पाण्याच्या टाकीभोवती आम्ही किती फेरे घेतले ते सांगता येणार नाही. शिगेहारूच्या गुडघ्यांना मात्र माझी पाठ घासून ते साफ पुसले गेले.

खाली तोवर इरफानकडून सगळं ऐकून आबांनी नानांना फोन लावला होता, आणि नानांनी सांगितलं ते ऐकून टाकीभोवतीची पळापळ थांबली. मुलाची सुट्टी संपत आली होती. रविवारी सकाळी ते सोनगीरला दुसरी मुलगी बघायला निघणार होते, आणि तिथूनच मुलगा पुण्याला जाणार. आबा फोन ठेवून खुर्चीत बसले. "एकदा नाही कळवलं. आता हो कसं कळवायचं? काय सांगायचं? पोरानं पुस्तक उलटं वाचलं? कोण विश्वास ठेवेल?"

"कळवायचं नाही," आई म्हणाली. ती दारात उभी होती, हात पिठाचे. "जायचं. ते आले होते ना मुलगी बघायला? आता आपण जाऊ मुलगा बघायला."

"मुलीकडचे मुलगा बघायला जातात का कुठं?"

"मुलीनं नकार दिला की मुलाकडचे परत येतात का कुठं? मग कुणीतरी उठायला नको?"

आबांनी ताईकडे पाहिलं. मोजपट्टी अजून तिच्या हातात होती, श्वास फुललेला, केस सुटलेले. ती म्हणाली, "मी येणार. आणि पुस्तकाबद्दल हा बोलणार. सगळ्यांसमोर."

रविवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. आबा, आई, ताई, मी, आणि साक्षीदार म्हणून इरफान, त्यानं ईदचा शर्ट घातला होता. पारोळ्याला आईनं सगळ्यांना पुरी आणि लोणचं दिलं, आबा म्हणाले, "त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर?" आई म्हणाली, "म्हणून तर पोटभर खा." मी मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी धरून, बोलायचं भाषण मनात पाठ करत होतो. पुढे रस्ता इतका खराब होता की प्रत्येक खड्ड्याला मी सुरुवात विसरत होतो.

नाना आम्हाला धुळ्याच्या स्टँडवर घ्यायला आले, वाटेभर माझ्याकडे बघून "बठ्ठा घोटाया ह्या पोऱ्यानी कया" असं स्वतःशीच म्हणत. मिलिंदच्या दारात जीप उभी होती. भाऊ पुढच्या सीटवर इस्त्रीच्या कपड्यांत बसलेले, अक्का उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून घराच्या आत ओरडत होती, "निंघस का नई तू? सकायपासून न्हानीमा काय करस?" मग तिनं आम्हाला पाहिलं. गल्लीतली माणसं थांबली. आबांनी हात जोडले, "जयभीम," आणि वळून आईकडे पाहिलं. आई पुढे झाली. साडीवर लोणच्याचा डाग, पण मान ताठ.

"जयभीम, अक्का. आम्ही मुलगा बघायला आलोय."

भाऊंनी जीपमधून मान बाहेर काढली. अक्का आईकडे बघत राहिली. आईकडून ताईकडे, ताईकडून माझ्या हातातल्या पुस्तकाकडे. आत न्हाणीची कडी वाजली आणि मिलिंद बाहेर आला, तोंड ओलं, एकाच पायात चप्पल.

"बोल," ताई मला म्हणाली.

मी बोललो. भाषण खड्ड्यांत राहिलं होतं, त्यामुळे नुसतंच बोललो. मेलेली माणसं उठली, बाण धनुष्यात गेले, जळकं घर नवं झालं, मी सगळं सांगितलं, आणि इरफान शेजारी उभा राहून पानं उघडून दाखवत होता, एकदा माझ्या बाजूनं, एकदा खऱ्या बाजूनं. बाणांपर्यंत आलो तेव्हा गल्लीतली पहिली बाई खुदकली. घरापर्यंत आलो तेव्हा जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हलत होता. मिलिंद तेवढा हसत नव्हता. तो म्हणाला, "माझीच चूक. उजवीकडून उघडायचं सांगायला हवं होतं. इतके दिवस तेच वाचतोय, सुचलंच नाही."

अक्कानं कपाळावर हात मारला. "एक सांगाले इसरनारा, दुसरा इचाराले इसरनारा!" मग ती एकदम हसायला लागली, पदर तोंडाला लावून, बुटका देह गदगदा हलत. "मुलगा पाहाले उनात ना? मंग बसा. भाऊ, उतरा खाले. सोनगीरले फोन करा, माफी मांगा. आनि तू," ती मिलिंदकडे वळली, "आत जाय. पोहे कर. तूच कर, माले हाक मारशी नई."

मग जे झालं ते धुळ्यातली ती गल्ली अजून सांगते. आम्ही मुलीकडचे ओळीनं खुर्च्यांवर. समोर अक्का आणि भाऊ अवघडून, जसे आम्ही आमच्या घरी अवघडलो होतो. आतून कांदा चिरल्याचे, मग काहीतरी सांडल्याचे आवाज. मिलिंद ट्रे घेऊन आला, खाली मान घालून. आईनं हौस भागवून घेतली. "चालून दाखवलंत, बरं झालं. सुई ओवता येते का? रागाला कसे आहात?" तो प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत होता. सुई ओवता येत होती. राग यायचा पण बोलता यायचं नाही. इरफाननं मला कोपरानं ढोसलं, "पूछ, तलवार चलाता क्या." शेवटी ताईची पाळी आली. तिनं बशी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "जपानीत काहीतरी बोलून दाखवा."

मिलिंदनं एक घास खाल्ला, विचार केला, आणि एक छोटं वाक्य म्हटलं. कानाला फार गोड. नाना म्हणाले, "वा! काय मतलब?"

"पोह्यात मीठ टाकायचं राहिलं."

आम्ही सगळ्यांनी आपापल्या बशांकडे पाहिलं. कुणीच दुसरा घास घेतला नव्हता. आबांची बशी तेवढी चाटूनपुसून स्वच्छ होती. "मला पहिल्याच घासाला कळलं होतं," आबा हळूच म्हणाले, "पण बघायला गेलेल्यांनी बोलायचं कसं?" यावर ताई हसली, आणि ताई हसली म्हणून मिलिंद हसला, आणि मग अक्का, आई, दारातल्या बायका, सगळं घरच हसत सुटलं. नानांना मात्र रीतीची काळजी. त्यांनी घसा खाकरून दोन्ही हात वर केले. "चला, आते नेमानं. मुलगीकडलास्नी घर जाई इचार करा. चार दिसमा निरोप धाडा."

"कोण घेऊन येणार निरोप?" ताईनं विचारलं.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नको," ताई म्हणाली, "मग मी आत्ताच सांगते. मला मुलगा पसंत आहे."

मिलिंदच्या हातातला रिकामा ट्रे त्याच्या गुडघ्यावर टेकला. अक्कानं डोळे पुसले, आईनं पुसले, नाना पहिल्यांदाच गप्प होते. त्या शांततेत भाऊ, जे सोनगीरला फोन केल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, बशी हातात धरून म्हणाले,

"आता तरी कुणी मीठ आणतं का?"